भाजीला पैसे नाहीत? मग डाळीचीच भाजी करा: पाच माणसांचं खान्देशी काटकसरीचं स्वयंपाकघर

आमच्या घरी पाच माणसं. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. राहतो जळगावात, भाड्याच्या घरात. मिस्टर एमआयडीसीत चटईच्या कंपनीत आहेत. मागं ओव्हरटाईम बंद झाला तेव्हा पहिल्यांदा मी वही घेऊन बसले की पैसा जातो कुठं. मला वाटायचं तेल आणि गॅस खाऊन जातात. निघालं भलतंच. सगळ्यात जास्त जात होता रोजच्या भाजीवर, पाव किलो हे, अर्धा किलो ते, आणि त्यातलं निम्मं फ्रीजमध्ये सुकून फेकलं जायचं.

सासूबाईंना हे सांगितलं तर त्या हसल्याच. म्हणे, "घरमा दाय शे ना, मंग भाजी कसाले जोयजे?" (घरात डाळ आहे ना, मग भाजी कशाला पाहिजे?) तेव्हा मला ते उडवून लावल्यासारखं वाटलं, पण नंतर विचार केला तर खरंच आहे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये ४४-४५ डिग्री तापतं, पूर्वी त्या दिवसांत हिरवी भाजी मिळायचीच नाही, म्हणून इथल्या बायकांनी भाजीशिवायचं जेवण इतकं पक्कं बसवून ठेवलंय की फुणके, डुबुकवड्या, गंडोरी, पाटोड्या, मुगाचे वडे, सगळं डाळीचं. आपण त्याला हॉटेलात जाऊन 'खान्देशी स्पेशल' म्हणून खातो आणि घरी मात्र महागाची शिमला मिरची आणतो.

तर आता मी जसं करते तसं सांगते. भाव लिहीत नाही, आज लिहिला तर पुढच्या महिन्यात बदलतो, मापं लिहिते.

पहिलं काम: महिन्याचं धान्य

रेशन कार्ड असेल तर आधी ते बघा. प्राधान्य कुटुंबाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो, अंत्योदयचं असेल तर घराला ३५ किलो, आणि १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. ई-केवायसी सगळ्या मेंबरांची झालीय का ते पण बघून घ्या. रेशनचा तांदूळ चांगला लागत नाही म्हणून विकून टाकणारी माणसं मी पाहिलीत, तसं करू नका, त्याची खिचडी, धिरडी मस्त होतात.

माझा महिन्याचा हिशोब असा: ज्वारी १५-१६ किलो, गहू १८, तांदूळ ६ ते ७. तूरडाळ ३ किलो, आख्खे काळे उडीद ४ किलो (एवढे कशाला ते पुढं सांगते), हरभरा डाळ ३ किलो, मठ (म्हणजे मटकी) १ किलो, मुगाची डाळ १ किलो, शेंगदाणे २ किलो, तेल ४ लिटर. चार लिटरमध्ये बसवायचं म्हणजे तळण आठवड्यातून एकदाच, एवढाच नियम.

तूरडाळ घेताना एक सांगते. जळगावात डाळ मिल भरपूर, त्यामुळं तुकडा डाळ मिळते, फुटलेली. भाव कमी, डाळ तीच. वरणात आणि घोटायच्या भाजीत डाळ शेवटी मोडायचीच आहे ना, मग आख्ख्या दाण्याचे पैसे का द्यायचे? फक्त निवडून घ्या, त्यात खडे, फोलपटं जास्त असतात. फुणक्यांनाही तुकडा चालतो.

आणि स्वस्त मिळतंय म्हणून ढीगभर भरू नका. मी एकदा स्वस्तात मिळाली म्हणून २० किलो तूरडाळ एकदम उचलली होती, पावसाळ्याच्या तोंडावर, ऊन न दाखवता तशीच कोठीत टाकली. दोन महिन्यांत भुंगे. निम्मी डाळ निवडता निवडता कंबर मोडली. वर्षाचं भरायचंच असेल तर एप्रिलच्या कडक उन्हात दोन दिवस वाळवा, पूर्ण गार होऊ द्या (गरम भरली की डब्यात घाम धरते), हाताला एरंडेल घेऊन डाळीला चोळा आणि मध्ये वाळलेला कडुनिंबाचा पाला टाका. नाहीतर महिन्याची आणा, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं काम: कळणा दळून आणणं

हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून नीट सांगते. कळणा म्हणजे ज्वारी आणि आख्खे काळे उडीद, सालासकट, एकत्र दळलेले. माझं प्रमाण ४ ला १. पंधरा दिवसाला ८ किलो ज्वारी आणि २ किलो उडीद नेते. काही घरी ३ ला १ करतात, ती भाकरी जास्त चवदार पण उडीद जास्त जातात आणि पोटाला जडही होते. ज्वारी दादर जातीची असेल तर उत्तम, नसेल तर जी परवडेल ती. मीठ दळतानाच टाकायची पद्धत आहे, १० किलोला साधारण दीडशे ग्रॅम जाड मीठ. पण हल्ली काही गिरणीवाले मीठ टाकू देत नाहीत, मशीन खराब होते म्हणतात, मग घरी पीठ मळताना टाकायचं, काही बिघडत नाही. मी एकदा गिरणीत पण टाकलं आणि सवयीनं घरी पण टाकलं, पंधरा दिवस सगळ्यांनी खारट भाकरी ताकासोबत खाल्ली.

फायदा काय? एक तर भाकरीतच डाळ गेली. ज्वारीत जे प्रोटीन कमी पडतं ते उडदातून भरून निघतं, म्हणून ही भाकरी खाल्ली की लवकर भूक लागत नाही आणि सोबत नुसता ठेचा, कांदा आणि कच्चं तेल असलं तरी जेवण पूर्ण होतं. दुसरं म्हणजे उडदाला चिकटपणा असतो, त्यामुळं भाकरी थापताना तुटत नाही. ज्यांना भाकरी जमत नाही त्यांनी कळण्यापासूनच शिकावं असं माझं मत आहे.

पंधरा दिवसाच्या वर दळून ठेवू नका. ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी (पिठाचा चिकटपणा) जाते, भाकरीला कडा फुटतात आणि चव कडवट लागते. तशी वेळ आलीच तर उकळतं पाणी टाकून पीठ भिजवा, दहा मिनिटं झाकून ठेवा, मग मळा.

तिसरं: एक वाटण, तीन दिवस

खान्देशी रस्सा म्हटलं की लोक अर्धी वाटी खोबरं आणि वाटीभर तेल घेतात. ती लग्नाच्या पंगतीतली पद्धत झाली. रोजच्याला माझं वाटण असं: ४ कांदे गॅसवर सालासकट काळे होईपर्यंत भाजायचे, २ चमचे सुकं खोबरं, मूठभर शेंगदाणे, २ चमचे तीळ, लसणाचा एक आख्खा गड्डा, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबिरीच्या काड्या (पानं नाही, काड्या, ज्या आपण फेकतो). हे मिक्सरला बारीक करून डब्यात भरून फ्रीजमध्ये. रोज दोन मोठे चमचे काढायचे, तेलात परतायचे, काळा मसाला आणि तिखट टाकायचं, पाणी ओतलं की रस्सा. शेंगदाण्यानं दाटपणा येतो, खोबरं कमी पडलंय हे कोणाला कळत नाही. कांदा तेलात तळून नाही तर आगीवर भाजून घेतला म्हणजे तिथंच चार चमचे तेल वाचतं, आणि तो धुरकट वास तर तेलातल्या कांद्याला येतच नाही.

काळा मसाला मात्र घरचा करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी मिरची येते, नंदुरबारची मिरची तर सगळीकडं जाते, तेव्हा वर्षाची घेऊन ठेवली की विकतच्या पाकिटांचा खर्च जातो.

आता जेवणं

डुबुकवड्या. महिनाअखेर म्हणजे आमच्याकडं डुबुकवड्या, पोरांना पण पाठ झालंय. पाच जणांना दोन वाट्या बेसन लागतं, साधारण २०० ग्रॅम. अर्धा किलो गवार आणली तर पाच जणांच्या ताटात चमचा चमचा येते, अर्धा किलो बेसनात अडीच वेळा डुबुकवड्या होतात, तुम्हीच बघा. बेसन पण मी हरभऱ्याची डाळ दळून आणते.

वरच्या वाटणाचा रस्सा करा, नेहमीपेक्षा पातळ, दीड लिटरच्या आसपास पाणी, कारण बेसन पाणी पितं. बेसनात मीठ, हळद, तिखट, ओवा, जिरं, ठेचलेला लसूण, कोथिंबीर आणि एक चमचा तेल टाकून घट्ट भिजवा. भज्यांच्या पिठापेक्षा थोडं घट्ट, बोटानं सोडलं तर धप्पकन पडलं पाहिजे. आता इथं चुकतं ते सांगते: रस्सा खळखळ उकळत असतानाच वड्या सोडायच्या. पाणी नुसतं गरम असलं की पीठ विरघळून पिठलं होतं. सोडल्यावर दोन-तीन मिनिटं अजिबात चमचा लावायचा नाही. मग हलक्या हातानं हलवा, आठ-दहा मिनिटं शिजू द्या, वड्या वर येतात. एक काढून तोडून बघा, आत कच्चं पीठ दिसलं नाही की झालं. कळण्याची भाकरी कुस्करायची आणि वरून हे. माझा मोठा पोरगा चिकन मागायचं विसरतो, म्हणजे निदान तेवढा वेळ तरी.

फुणके आणि कढी. हे थोडं आधी ठरवावं लागतं. सकाळी भांडी घासताना दोन वाट्या तुकडा तूरडाळ आणि एक वाटी मठ वेगवेगळे भिजवा, मठाला जास्त वेळ लागतो, शक्यतो रात्रीच टाका. डाळीला ३-४ तास पुरतात. पाणी पूर्ण निथळा, आणि मिक्सरला पाण्याचा थेंब न टाकता जाडसर वाटा, पल्स मोडवर थांबत थांबत. गुळगुळीत केलं तर फुणके दगड होतात. त्यात बारीक कांदे दोन, हिरवी मिरची, लसूण, जिरं, मीठ, कोथिंबीर, कांद्याची पात असेल तर पात. मुठीत दाबून मुटके करा, बोटांचे ठसे उमटले पाहिजेत, आणि चाळणीला तेल लावून १५-२० मिनिटं वाफवा. सुरी टाकली आणि कोरडी आली की उतरवा. तेल लागतं फक्त चाळणीला.

कढीला अर्धा लिटर आंबट ताक (डेअरीवर दही घेण्यापेक्षा ताक घ्या, कढीला तेच बरं) आणि तीन चमचे बेसन आधी गार असतानाच घुसळून घ्या, लसूण-मिरची-जिऱ्याची फोडणी, आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहा, मीठ शेवटी, नाहीतर फाटते. ताटात फुणके फोडायचे, वरून कढी, आणि चमचाभर कच्चं शेंगदाणा तेल. उरलेले फुणके दुसऱ्या दिवशी सकाळी हातानं मोकळे करून कांदा-मोहरीची फोडणी द्या, पोह्यांचे पैसे वाचले. मी तर मुद्दाम सहा-सात जास्त करते.

डाळगंडोरी. एक वाटी तूरडाळ, आठ-दहा कमी तिखट पोपटी मिरच्या, लसूण, हळद, मूठभर शेंगदाणे, कुकरला एकत्र. चार शिट्ट्या. मग रवीनं नाही, लाकडी घोट्यानं घोटा, मिरची डाळीत मुरली पाहिजे. वरून जिरं-लसणाची फोडणी. पोरं लहान असतील तर मिरच्या कुकरमध्येच वेगळ्या वाटीत ठेवा, पोरांचं वरण आधी काढून घ्या आणि मग मिरच्या मिसळा, एकाच कुकरमध्ये दोन पदार्थ. आंबटपणाला टोमॅटो महाग असेल तर आमचूर टाका, सातपुड्यातल्या धडगावकडचा आमचूर आपल्याकडं सुट्टा मिळतो, चिमूटभरात काम होतं.

रात्री खिचडी. याच्यावर वेगळं काय लिहू, खान्देशात रात्री खिचडी नाही असं घर दाखवा. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी तूरडाळ, भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, हळद. तांदळाची कणी मिळाली तर ती घ्या, स्वस्त असते आणि खिचडी मऊ होते. वरून कच्चं तेल, सोबत भाजलेला उडदाचा पापड. पापड तळायचा नाही, विस्तवावर भाजायचा.

शेवभाजीबद्दल लोक विचारतात. माझ्या मते ती रोजची स्वस्त भाजी नाही, कारण चांगली जाड तिखट शेव विकत घ्यावी लागते. पण अचानक पाहुणे आले तर हिच्यासारखी इज्जत राखणारी भाजी नाही. दीडशे ग्रॅम शेवेत सहा माणसं जेवतात. रस्सा तयार ठेवा आणि शेव ताट वाढतानाच टाका, आधी टाकली की गाळ होतो आणि मग पाहुण्याला काय वाढलं तेच कळत नाही.

भाजी घ्यायचीच नाही का?

घ्यायची ना. आठवड्यातून तीन दिवस घ्यायची, पण सीझनची आणि बाजार उठायच्या टायमाला. संध्याकाळी साडेसात-आठनंतर पालेभाजीवाली बाई माल परत न्यायला तयार नसते, तेव्हा पोकळा, मेथी, आंबाडी जुडीच्या जुडी निम्म्यात मिळते. घासाघीस फार करू नका, तिचं पण घर आहे. घरी आणली की लगेच निवडून, न धुता, फडक्यात गुंडाळून ठेवा. धुवून ठेवली की सडते.

हिवाळ्यात भरीत. आसोदा, बामणोदकडची भरिताची वांगी, हिरवी-पांढरट, पाव-पाव किलोची. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय मिळालाय. बिया कमी, म्हणून गर भरपूर निघतो. गॅसवर किलोभर वांगी भाजायला गॅस फार जातो. गावाकडं कपाशीच्या काड्यांवर भाजतात, तशी सोय नसेल तर शेजारच्या दोघी-तिघी मिळून एकदाच शेगडी पेटवा. किंवा सीझनमध्ये वांगी भाजून देणारे बसतात, त्यांचा हिशोब करा, बऱ्याचदा गॅसपेक्षा परवडतं. भरितात कांद्याची पात भरपूर टाका, ती हिवाळ्यात स्वस्त आणि भरीत दुप्पट दिसतं.

आणि केळी! आपण केळीच्या जिल्ह्यात राहून पोरांना बिस्किटाचे पुडे देतो याचा मला राग येतो. वादळात बाग पडली की कच्ची केळी मातीमोल जातात. कच्च्या केळ्याचे साल काढून काप करा (हाताला आधी तेल लावा, डाग जात नाहीत), बटाट्यासारखी परतून भाजी. बटाटा महाग झाला की मी हेच करते.

उन्हाळ्याचं एक काम

वाळवणात बाकी काही नाही केलं तरी मुगाचे वडे करून ठेवा. एक किलो मुगाची डाळ ३-४ तास भिजवून जाडसर वाटायची, मिरची, आलं, लसूण, जिरं, मीठ, आणि प्लास्टिकवर बोराएवढे वडे तोडायचे. एप्रिलच्या उन्हात दोन-तीन दिवसांत खडखडीत. वाजला पाहिजे डब्यात, नाहीतर बुरशी येते. मग पावसाळ्यात भाजी कडाडली की मूठभर वडे चमचाभर तेलात लाल परतायचे, एक बटाटा, आणि वाटणाचा रस्सा. पाच जण जेवतात.

गॅस आणि उरलंसुरलं

डाळ भिजवल्याशिवाय कुकरला लावू नका, अर्धा तास भिजली तरी दोन शिट्ट्या वाचतात. वरण, भात, पोरांच्या टिफिनचा बटाटा, तिन्ही एकाच कुकरमध्ये डब्यांत. शेवटची भाकरी काढली की तवा तापलेलाच असतो, गॅस बंद करून त्यावर शेंगदाणे पसरा, पाच मिनिटं हलवत राहा, फुकटात भाजून होतात. मिरच्या पण तशाच, आणि त्याच तव्यावर तांब्याच्या बुडानं रगडल्या की ठेचा तयार, मिक्सरचं भांडं पण धुवायला नको.

शिळी भाकरी उरली तर टाकायची नाही, कुस्करून कांदा, शेंगदाणे, हळद, तिखटाची फोडणी, वर ताकाचा शिपका आणि झाकण. कळण्याची भाकरी असेल तर जास्त छान, मीठ आधीच आहे हे लक्षात ठेवून वरून कमी टाका. आमच्याकडं तर आता रात्री दोन भाकरी मुद्दाम उरवायला लागतात, नाहीतर सकाळी सासूबाई आणि धाकटा दोघं डबा उघडून बघतात आणि माझ्याकडं बघतात.